पत्रा गळत नाही

एर्सिरा चिगुआयला माणसं ताटावरून कळायची. किल्माउएच्या शाळेत तिनं उभा जन्म स्वयंपाक केला. गावातलं चाळिशीच्या आतलं प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या हातचं जेवलेलं. कोण ताट पुसून ठेवायचा, कोण घेवड्याचे दाणे बाकाखाली टाकायचा, कोण शेजाऱ्याच्या ताटातला मटणाचा तुकडा लांबवायचा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पुढे त्याच पोरांतलं कुणी नगरपालिकेत बसलं, कुणी दुकान टाकलं, कुणी देवळाचा कारभारी झालं. एर्सिराला मात्र त्यांच्याकडे बघितलं की ते बाकाखालचे दाणेच दिसायचे. तिला माणसांची शिसारी फार लवकर यायची आणि आलेली लपवता यायची नाही. नाक असं मुरडायची, की समोरच्यानं गुपचूप आपल्याच सदऱ्याचा वास घेऊन बघावा.

तिचं घर तळ्याच्या अगदी काठावर होतं. अलेर्से नावाच्या झाडाच्या, सहसा न कुजणाऱ्या लाकडाचं. भिंतींना आणि छपराला बाहेरून हातभर लांबीची लाकडी कौलं, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखी. तिच्या नवऱ्यानं, एलिसेओनं, बापाबरोबर डोंगरातून लाकूड आणून ती स्वतः फोडलेली. पावसानं काळीकरडी पडली होती, पण एक कुजलेलं नव्हतं. पूर्वी आमचं सगळं गावच तसं होतं. चिलीतल्या आमच्या चिलोए बेटावर पाऊस म्हणजे काही पाहुणा नव्हे, घरातलाच माणूस. त्याच्याशी कसं राहायचं ते त्या कौलांना बरोबर ठाऊक होतं.

मग सान्तियागोहून एक ट्रक आला. राजधानीतल्या महागड्या खानावळींना म्हणे भिंती सजवायला जुनी कौलं हवी होती. पहिली उतरवली नोल्बेर्तो बार्रियानं. हा नोल्बेर्तो एर्सिराचा शेजारी, तिच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. गावात उरलेल्या बैलजोड्यांत तगडी जोडी त्याची. त्याच्या घराची कौलंसुद्धा एलिसेओच्याच हातची. एलिसेओला जाऊन वर्ष व्हायचं होतं, तोवर यानं ती ट्रकात भरली आणि घराला पत्रा ठोकला. साधा पत्रा असता तरी एक वेळ चाललं असतं. पत्र्यावर लाकडी कौलांचं चित्र छापलेलं! एर्सिरानं त्या दिवसापासून त्याचा उंबरा चढणं सोडलं. "मेलेल्याची कातडी विकली मेल्यानं," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि ते त्याच्या कानावर जाईल अशा बेतानंच म्हणायची.

नोल्बेर्तोमागून एकेकानं विकली. बघता बघता अख्खं गाव छापील झालं. आणि मग, बैल गेला नि झोपा केला म्हणतात तसं, सरकारला जाग आली, की किल्माउए हे ऐतिहासिक गाव आहे. दारोदार निळ्या पाट्या लागल्या, 'ऐतिहासिक घर'. पत्र्याला भोक पाडून लावलेल्या. एर्सिराच्या दारात पाटीवाला आला तेव्हा तिनं त्याला विचारलं, "बाजूच्या पत्र्यावर लावलीस का रे?" तो हो म्हणाला. "मग माझ्या घराला नको. लोकांना वाटेल, माझंही खोटंच आहे." त्याला तिनं पायरीही चढू दिली नाही.

पाट्यांपाठोपाठ आला रेनातो. सान्तियागोचा, शिकलेला, नगरपालिकेनं नेमलेला संस्कृती अधिकारी. भर उन्हात अंगावर लोकरीचा, घोंगडीसारखा पोंचो घालून फिरायचा. आमच्यात पोंचो पावसात घालतात. त्यानं गावात मिंगाचा उत्सव सुरू केला.

आता मिंगा म्हणजे आमची घर हलवायची रीत. घराखाली दोन दांडगे ओंडके सरकवायचे, बैल जुंपायचे आणि गावानं मिळून ते घर ओढत नव्या जागी न्यायचं. पण त्याआधी घरधन्यानं दारोदार जायचं. एकही दार गाळायचं नाही. जे पुढ्यात येईल ते खायचं, प्यायचं आणि मग म्हणायचं, "विनवायला आलोय." हे शब्द कानावर पडले की धडधाकट माणसाला नाही म्हणता येत नाही. आणि घर पोचलं की घरधनीण स्वतः रांधून सगळ्यांना वाढणार. एवढी साधी गोष्ट आहे.

रेनातोच्या उत्सवात मात्र एक फळकुटांची खोपटी होती. तिच्यात कुणी राहत नव्हतं, बिअरची खोकी असायची. एका वर्षी ती मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला ओढायची, पुढच्या वर्षी परत. बसगाड्या भरून लोक यायचे, टाळ्या वाजवायचे. ओढणाऱ्यांना मजुरी आणि एक एक टी-शर्ट मिळायचा. एर्सिरा कुंपणाशी उभी राहून बघायची आणि थुंकून घरात जायची. ज्यांना तिनं लहानपणी भरवलं, ते बाप्ये रिकामी खोपटी ओढताना हसून कॅमेऱ्याकडे बघायचे, याची तिला अन्न गोड लागू नये इतकी किळस यायची.

अशात तळ्यानं काठ खायला सुरुवात केली. दर हिवाळ्यात थोडा थोडा. आधी कोंबड्यांचं खुराडं गेलं, मग न्हाणीघर गेलं, आणि गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघराचा कोपरा अधांतरी लटकायला लागला. मुलगी पुएर्तो मोंत्त शहरातून फोन करायची, "आई, सोड ते घर, इकडे ये." एर्सिरा म्हणायची, "तुझ्या चौथ्या मजल्यावर बटाटे लावायचे का मी?" देवळामागे तिच्या बापाचं बटाट्याचं शेत होतं, चढावर, पक्क्या जमिनीचं. घर तिथं न्यायला हवं होतं, आणि पुढच्या हिवाळ्याच्या आत. नाहीतर ते तळ्यात जाणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

पण त्यासाठी दारोदार जायला हवं, आणि पहिलंच दार नोल्बेर्तोचं. त्या छापील भिंतीपुढे उभं राहून 'विनवायला आले' म्हणायचं? त्यापेक्षा घर तळ्यात गेलं तरी बेहत्तर, असं ती म्हणायची. मग घरी येऊन लटकलेल्या कोपऱ्याखाली आणखी एक टेकू लावायची.

रेनातोनं हे बरोबर हेरलं. जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, तो दारात हजर. तिला तो 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"दोन्या एर्सिरा, यंदा उत्सवात तुमचंच घर नेऊ या ना. गावातलं शेवटचं खरं घर! लोक बघत राहतील."

"बघायला ते काय मढं आहे?"

"तुम्हाला काही करायचं नाही. बैल आमचे, माणसं आमची, जेवण कास्त्रो शहरातल्या केटररचं. तुम्ही फक्त शाल घेऊन खिडकीत उभं राहायचं, हात हलवायचा."

"हात हलवणार नाही."

"बरं, नका हलवू."

"आणि रांधणार पण नाही. या टी-शर्टवाल्यांना मी माझ्या हातचा बटाटा देणार नाही."

"अहो, नकोच! सगळी सोय आहे."

एर्सिरानं विचार केला तो असा: कुणाच्या दारात जायला नको, कुणापुढे तोंड वेंगाडायला नको, आणि घर फुकटात चढावर. साप मरतोय आणि काठीही मोडत नाही. ती हो म्हणाली. रेनातोनं आनंदानं तिचा हात हातात घेतला. त्याचा तळवा लोण्यासारखा मऊ होता. तिनं हात सोडवून घेऊन एप्रनला पुसला.

फेब्रुवारीत तो दिवस उजाडला. बैलांच्या शिंगांना रिबिनी, ओढणाऱ्यांच्या स्वेटरवर पिवळे टी-शर्ट, घराच्या शेंड्यावर झेंडा. रेनातो माइक घेऊन गाडीच्या टपावर. एर्सिरा खिडकीत उभी राहिली ती कपाळाला आठ्या घालून, आणि लोकांनी तिचेच सगळ्यात जास्त फोटो काढले. नोल्बेर्तोची जोडी पुढे होती. त्यानं पराणी उचलली, आरोळी दिली, आणि घर हललं.

ते हललं तेव्हा तिनं खिडकीची चौकट घट्ट धरली. कपाटातल्या बश्या किणकिणल्या. काठ मागे पडला, तळं लांब गेलं. नोल्बेर्तोचं घर ओलांडलं, पावाची भट्टी, दुकान, सगळं खिडकीतून सरकत गेलं. क्षणभर तिला वाटलं, मेल्यांना अजून येतंय की.

शाळेपुढे एक झरा आहे. तिथं रस्ता बाराही महिने मऊ. घर ओढताना तिथं थांबायचं नसतं, हे किल्माउएतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. नेमकं तिथंच माइकवरून रेनातो ओरडला, "थांबा, थांबा! महापौर पोचतायत. दोनच मिनिटं!"

"इथं नाही थांबता येत," नोल्बेर्तो मागे वळून म्हणाला.

"दोन मिनिटं हो! फोटो झाला की लगेच."

आणि ते थांबले. मजुरी त्याची होती, टी-शर्ट त्याचा होता, तो म्हणाला थांबा, थांबले. दोर सैल पडले. महापौर आले, दोराला हात लावून उभे राहिले, फोटो निघाला. मग पुन्हा आरोळी झाली, बैलांनी माना खाली घातल्या, आणि घर जागचं हलेना. डावा ओंडका चिखलात रुतला होता. पुन्हा जोर लावला, तशी भिंत करकरली आणि खिडकीची काच तडकली. रेनातो माइकवर म्हणाला, "टाळ्या होऊ द्या!" आणि टाळ्या झाल्या.

संध्याकाळच्या आत सगळं आटपलं. केटररनं पातेली उचलली, बसगाड्या गेल्या, पाच-सहा टी-शर्ट कुंपणावर लोंबत राहिले. नोल्बेर्तो बैल सोडत होता. एर्सिरा तिरप्या झालेल्या उंबऱ्यावरून खाली उतरली आणि किती वर्षांनी त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"घर रस्त्यात टाकून चाललात, कोंपाद्रे?"

"मला कुणी बोलावलं होतं, कोमाद्रे?" त्यानं जू खांद्यावर घेतलं. "मला टी-शर्टनं बोलावलं होतं. टी-शर्टचं काम झालं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यात खोटं काहीच नव्हतं.

ती त्या तिरक्या घरातच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी खरखर ऐकू आली म्हणून बाहेर आली, तर बाहेरगावचे चारपाच जण मागच्या भिंतीची कौलं उचकटत होते. घरी न्यायला, आठवण म्हणून. एकीनं तर पिशवीत नीट कागदात गुंडाळून ठेवली होती. एर्सिरा डाव घेऊन धावली. ते पळाले, पण पाठीची अर्धी भिंत उघडी करून पळाले. एलिसेओची कौलं पिशव्यांतून गेली. आतल्या फळ्या दिसायला लागल्या, पिवळट, उघड्यावाघड्या. अंगावरचं लुगडं फेडल्यासारखं तिला झालं. ती तिथंच चिखलात उभी राहून ओकली. खरोखरच ओकली.

दुपारी रेनातो आला. बरोबर शिडी आणि हातोडी. ती समजली, आला बाबा डागडुजीला. तर त्यानं खिशातून निळी पाटी काढली.

"मी काय म्हणतो, दोन्या एर्सिरा, हे इथंच राहू दे की. रस्ता बाजूनं वळवता येईल. मिंगात थांबलेलं घर! याला केवढा अर्थ आहे."

"खाली चिखल आहे," एर्सिरा म्हणाली. "पाऊस आला की सांगाडा मुरगळेल. मग अर्थ खाशील का?"

"त्यासाठी आपण अर्ज..."

पुढचं तिनं ऐकलं नाही. पाटी त्याच्या हातातून घेतली आणि झऱ्यात फेकली. ढग तळ्याच्या पलीकडून उठलेले तिला दिसत होते. त्या दोन दिवसांत गावातलं एकही माणूस तिच्या दाराशी फिरकलं नव्हतं. तिला सगळ्यांची शिसारी आली. हरामखोर, माझ्या हातचं खाऊन वाढले! आणि शिव्या देता देताच तिच्या लक्षात आलं, की यातल्या कुणालाही आपण बोलावलेलं नाही. बोलावलंही नाही आणि जेवूही घातलं नाही. त्यांनी घर ओढलं ते रेनातोचं. तिचं घर अजून कुणी ओढलंच नव्हतं.

तिनं एप्रन सोडला, केस बांधले आणि नोल्बेर्तोचं दार वाजवलं.

"या, कोमाद्रे," तो म्हणाला. "वाट चुकलात?"

आत टीव्ही चालू होता. सोफ्यावर प्लास्टिक. त्याच्या बायकोनं, ओतिलियानं, सफरचंदाची चिचा, म्हणजे घरची दारू, पुढ्यात ठेवली. पेल्याच्या काठाला कुणाच्या तरी ओठांचा डाग. एर्सिरानं तो डाग बघितला. तिला तो पेला फिरवून धरता आला असता. तिनं फिरवला नाही. प्यायली. चिचा आंबून गेली होती.

"विनवायला आले," ती म्हणाली.

"टीव्हीचा आवाज मोठा आहे. नीट ऐकू आलं नाही."

"अगं बाई, बंद कर तो टीव्ही," ओतिलिया स्वतःलाच म्हणाली आणि उठली.

शांततेत तेच शब्द पुन्हा म्हणणं फार अवघड गेलं. पण ती म्हणाली. मग राहवलं नाही म्हणून हेही म्हणाली, "एलिसेओची कौलं का विकलीत?"

नोल्बेर्तोनं मान खाली घातली नाही की सबब सांगितली नाही. "गळत होतं, कोमाद्रे. बसवून देणारा मातीत गेला. मला जमत नव्हतं. पत्रा गळत नाही."

एवढंच. या उत्तराची तिला किळस आली. तिनं उरलेली चिचा संपवली.

"उद्या सकाळी बैल आणतो," तो म्हणाला. "बाकीची दारं करा. एकही गाळू नका. त्या पोंचोवाल्याचंही."

"त्याचं?"

"गावात राहतो ना? मग त्याचंही दार आलं."

ती फिरली. बाकाखाली दाणे टाकणाऱ्यांकडे, तुकडा लांबवणाऱ्यांकडे, सगळ्यांकडे. कुठं शिळा पाव, कुठं खारट रस्सा, कुठं नुसता चहा. सगळीकडे खाल्लं, सगळीकडे तेच शब्द. काहींनी टोमणे मारले. दुकानदार म्हणाला, "बाई, आज नाक कुठं ठेवून आलात?" नाही मात्र कुणी म्हटलं नाही. शेवटी रेनातोच्या खोलीवर गेली. त्यानं गडबडीनं बिस्किटं काढली. तिनं एक खाल्लं.

"विनवायला आले."

त्याचे डोळे चमकले. "मी याचं चित्रण..."

"दोर धरायचा," एर्सिरा म्हणाली. "दोन्ही हातांनी."

सकाळी पावसाची भुरभुर होती. माइक नाही, रिबिनी नाहीत. एर्सिराला मात्र यातलं फारसं काही बघायला मिळालं नाही, कारण ती ओतिलियाच्या स्वयंपाकघरात बटाटे किसत होती. शाळेत होतं तेवढं मोठं पातेलं मिळालं नाही म्हणून चार कढया मांडून चरबीत मिल्काओ, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे वडे, तळत होती, आणि ओतिलियाच्या ओशट फडक्याकडे बघून दात आवळत होती.

"ते फडकं उकळून घे गं कधीतरी."

"तुमचं झालं की घेते," ओतिलिया म्हणाली. "बघा तरी बाहेर. निघालं."

लांबून नोल्बेर्तोची आरोळी आली, मग सगळ्या गावाची. कढईत मिल्काओ होते, ते सोडून जाता येत नव्हतं. तिनं खिडकीतून मान काढली. शाळेपलीकडच्या चढावर तिचं घर सावकाश वर सरकत होतं. मागची उघडी पाठ तिच्याकडे होती. दोराच्या टोकाला पोंचो घातलेला एक जण घसरला, उठला, पुन्हा लटकला. ते घर देवळामागे दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली. तेवढ्यात एक मिल्काओ करपला.

जेवताना तिनं स्वतः वाढलं. रेनातोच्या दोन्ही तळव्यांची सालपटं निघाली होती. त्याला ताट धरता येईना, तेव्हा तिनं ते त्याच्या मांडीवर ठेवलं. तो काहीतरी बोलायला गेला. "जेव," ती म्हणाली. त्यानं ताट पुसून ठेवलं. ती बघत होती.

पाऊस वाढला तसे लोक पांगले. घर पक्क्या जमिनीवर सरळ उभं होतं, पण मागच्या भिंतीच्या फळ्यांतून पाणी आत गळायला लागलं. एर्सिरानं बादल्या लावल्या. नवी कौलं कुठून आणणार? अलेर्से तोडायला आता बंदी, आणि फोडणारा हात मातीत.

तेवढ्यात नोल्बेर्तो आला. डोक्यावर पत्रे, उरलेले. छापील.

एर्सिरा त्या पत्र्यांकडे बघत राहिली. तिनं नाक मुरडलं. नोल्बेर्तोनं पत्रे खाली ठेवले. शिडी लावली आणि पावसात उभा राहिला, कारण खिळे देणारं माणूस हवं होतं.

तिनं खिळ्यांचा डबा आणला. एकेक खिळा त्याच्या हातात देत राहिली. एलिसेओच्या काळ्याकरड्या कौलांच्या मधोमध चकचकीत चित्र बसत गेलं.

"घाण दिसतंय," ती म्हणाली.

"दिसतंय," नोल्बेर्तो शिडीवरून म्हणाला.

ती आत गेली. बादल्यांत पाणी पडायचं थांबलं होतं. तिनं चूल पेटवली, किटली ठेवली, आणि दारातून हाक मारली, "कोंपाद्रे, पाय पुसून आत या."